104 किमी, एकटा, आणि टायरमधले 11 काटे

मागच्या अपडेटमध्ये मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की सायकल ट्यूबलेस केल्यापासून (टायरमध्ये ट्यूबच नाही, आत सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारं पातळ लॅटेक्स रबर) काट्यांचा विषयच संपला. ते शब्द गिळायला आलोय.

हिमाचलच्या रेसआधी एक लांब स्टेज एकट्याने मारून बघायची होती, ती रविवारी मारली. खडकवासला, खानापूर, पाबे घाट, वेल्हे, पासली, केळद आणि परत, जमेल तिथे डांबर सोडून बैलगाडीच्या वाटेने. 104 किमी, 2100 मीटरच्या आसपास चढण. नियम रेसचाच, बाहेरची मदत शून्य, म्हणजे घरी फोन करून "गाडी घेऊन ये" पण नाही.

आधी गोड बातमी. 34 दातांचा काढून 30 चा चेनरिंग (पेडलपाशी असलेली दातेरी चकती) टाकल्याचे पैसे वसूल! पाबे घाटातला सुट्या खडीचा तो चढ, जिथे दोनदा पाय टेकला होता, पुढे 30, मागे 51 दातांवर एका दमात निघाला. वर खिंडीत तोरणा आणि राजगड दोन्ही समोर, बघायला कोणी नाही म्हणून मीच ओरडलो, एक कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन झोपलं.

आणि मग पासलीच्या पुढे दगडाची धारदार कपार टायरला लागली. मागच्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, जेमतेम 8 मिमी फाटली, पण सीलंट बाहेर येईचना. जानेवारीत भरलेलं, दुकानदार म्हणाला होता सहा महिने बघू नका. आपल्याकडच्या उन्हात लॅटेक्स दोन-तीन महिन्यांत सुकतं हे मला माहीत असून मी ऐकलं. आत नुसती साय. प्लग (छिद्रात कोंबायची रबरी वात) टाकला, हवा भरली की थुंकल्यासारखा बाहेर. दुसरा, तेच. झटक्यात हवा भरायचं सीओटू गॅसचं कार्ट्रिज त्यातच फुकट गेलं (ते प्रकरण आता बंद, मिनी पंपच खरा).

मग ट्यूब टाकू म्हटलं, तर व्हॉल्व्हचा नट वाळलेल्या लॅटेक्सने जाम, बोटाने फिरेना. मल्टीटूलला पक्कड नाही. शेवटी गळ्यातलं बफचं फडकं गुंडाळून दाताने फिरवला, हसू नका. फाटलेल्या जागी आतून दहाची नोट घडी करून लावली, ट्यूब भरली, दोनशे किमी गेल्यासारखं वाटेपर्यंत पंपाचे स्ट्रोक मारले, निघालो आणि 600 मीटरवर पुन्हा फुस्स.

इथे डोकं फिरलं. नोट जागेवर, कट शांत, मग हवा जाते कुठे? सावलीत बसून टायरच्या आतून बोट फिरवलं तर टच्च. बाभळीचा काटा. पुढे अजून एक. शेतांच्या कुंपणाच्या फांद्या वाटेवर पडलेल्या असतात ना, त्यांचे महिनोनमहिन्यांचे काटे टायरमध्ये मोडून बसले होते, सीलंट प्रत्येकाला गुपचूप बुजवत होतं आणि मला पत्ताच नाही. ट्यूब टाकली की सगळे एकदम तिच्यावर. पाठीवरून रेटून, नखाने, चेनच्या क्विकलिंकने (चेन जोडायची सुटी कडी) उपसत एकूण 11 काढले, बोटातून रक्त आलं ते वेगळं. ट्यूबला पॅच, परत पंप. 1 तास 50 मिनिटं गेली यात. केळदला पोचलो तेव्हा बाटलीत दोन घोट लिंबूपाणी आणि एक शेंगदाण्याचा लाडू उरला होता. परतीला 30 पीएसआय ठेवून म्हाताऱ्यासारखा आलो.

आता जाड साइडवॉलचं टायर घ्यायचं ठरवलं होतं, टायरच्या आत बसवायचं फोमचं इन्सर्टसुद्धा. पण हे लिहिताना वाटतंय, 150 ग्रॅम वाढवून काटे थोडेच थांबणार? त्यापेक्षा दर सहा आठवड्यांनी टायर उघडून आतून बोट फिरवायचं, ताजं 100 मिली सीलंट, आणि पाठपिशवीत बोटभर पक्कड. टायर नंतर बघू. जाऊ दे, टायर पण घेतोच, हिमाचलातले दगड वेगळे.

पुढचं चाक अजून उघडलेलं नाही. तेही जानेवारीतलंच आहे.