डब्यावर लिहिलंय, मग पुन्हा का तपासायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. संग्रहातल्या फिल्मची नोंद करायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. डब्यांची अदलाबदल होते, आणि लेबल लिहिणाऱ्याने आतलं रीळ पाहिलंच असेल असं नाही. म्हणून लेबल चुकांसकट जसंच्या तसं उतरवून घ्या, पण फॉरमॅटचा, म्हणजे फिल्म कोणत्या प्रकारची आहे त्याचा, रकाना रीळ पाहूनच भरा.

आधी रुंदी मोजा. 35 आणि 16 मिमी लगेच कळतात, गोंधळ होतो तो 8 मिमीत. फिल्म यंत्रात पुढे सरकवण्यासाठी पट्टीला भोकं असतात, ती बघा. साध्या 8 चं भोक मोठं आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेला लागून असतं; 1965 पासूनच्या सुपर 8 चं बारीक भोक फ्रेमच्या मध्याशी येतं. भोकं कडेला नसून पट्टीच्या मधोमध असतील, तर ती 9.5 मिमी.

मग फिल्म कशाची आहे ते बघा. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची 35 मिमी नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या जुन्या प्लास्टिकची, असू शकते. ती स्वतःच ऑक्सिजन पुरवत जळते, पाण्याखालीही विझत नाही, म्हणून तुकडा जाळून पाहायची परीक्षा कधीच नको. कडेला 'सेफ्टी' (सहज न पेटणारी) लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. कृष्णधवल प्रिंटवर काळी अक्षरं त्याच फिल्मची. काळ्या पट्टीत पांढरी दिसली, तर ती निगेटिव्हवरून उतरलेली, हातातल्या प्रिंटबद्दल काही सांगत नाहीत. व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेट (सेफ्टी फिल्मचा एक प्रकार), आणि ती खराब होऊ लागली आहे: लगेच इतरांपासून वेगळी ठेवा. पॉलिस्टर हा दुसरा प्रकार; त्याच्या गुंडाळीतून बाजूने उजेड आरपार दिसतो.

फिल्म बनवणाऱ्याने कडेला छापलेल्या चौकोन-त्रिकोणांवरून कच्च्या फिल्मचं उत्पादनवर्ष कळतं, चित्रीकरणाचं नाही. कोडॅकच्या खुणा तर वीस वर्षांनी पुन्हा येतात. लांबीवरून कालावधी काढताना वेगही लिहा: 16 मिमीची 400 फूट फिल्म सेकंदाला 24 फ्रेमने 11 मिनिटं चालते, 16 फ्रेमने साडेसोळाच्या पुढे जाते.

व्हिडिओत कॅसेटचा आकार फसवतो. व्हिडिओ 8, हाय 8 आणि डिजिटल 8 या 8 मिमी टेपच्या तीन प्रकारांचं कवच सारखंच, शिवाय डिजिटल 8 चं रेकॉर्डिंग हाय 8 च्या कॅसेटवरही होतं. त्यामुळे चालवून पाहीपर्यंत '8 मिमी व्हिडिओ, प्रकार अनिश्चित' इतकंच लिहा. हा प्रामाणिकपणा पुढच्या माणसाचा वेळ वाचवतो. यंत्रात घालण्याआधी रेकॉर्डिंग रोखणारी सोय वापरा: व्हीएचएस कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पाकळी तोडा, यू-मॅटिक या जुन्या व्हिडिओ कॅसेटचं लाल बटण काढून टाका.