पॅप स्मिअरचा रिपोर्ट बिघडलेला आला तेव्हा – माझा अनुभव

चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा पॅप स्मिअर केली, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची चाहूल आधीच घेणारी तपासणी. त्रास काहीच नव्हता, शाळेतल्या मैत्रिणीने आग्रह धरला म्हणून गेले. पाळी चालू नसावी, आदल्या दोन दिवसांत आत औषध-क्रीम लावलेलं नसावं, एवढीच तयारी. आतून तपासायचं म्हटलं की आपण अंग आवळून घेतो आणि मग दुखतं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, लांब श्वास सोडा." तसं केलं. छोट्या ब्रशने गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेतल्या, झालं.

रिपोर्टात 'एलएसआयएल' आलं, म्हणजे पेशींत सौम्य बदल. गावातल्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाकू, कायमची कटकट मिटेल." बायोप्सीचं, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासण्याचं, नावसुद्धा नाही, थेट ऑपरेशनची तारीख.

माझ्या जावेची पिशवी अशीच पस्तिशीच्या आत काढली, अंगावरून पांढरं जातं एवढ्याच कारणावरून. अंडाशयंही काढली. तेव्हापासून तिच्या अंगातून वाफा निघतात, झोप नाही, हाडं दुखतात. आमच्या मराठवाड्यात असं घरोघर ऐकायला मिळतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न 2019 मध्ये इतका गाजला की शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. सौम्य बदल दिसला म्हणून अख्खा अवयव काढायला निघणं मला आजही संतापजनक वाटतं.

मी तारीख नाकारली आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला गेले. बार्शीच का, तर आमच्याच उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा मोठा अभ्यास या हॉस्पिटलच्या सहभागातून झाला होता. तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो) चाचणी झालेल्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. आपल्याच गावांतल्या बायकांमुळे जगाला हे कळलं, याचा मला फार अभिमान आहे.

तिथल्या मॅडमनी नीट बसवून सांगितलं. एचपीव्ही हा विषाणू अगदी सर्रास आढळतो. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला घालवतं. काही प्रकार, विशेषतः 16 आणि 18, टिकून राहिले तर पेशी बदलू लागतात, पण कॅन्सरपर्यंत जायला सहसा दहा-पंधरा वर्षं लागतात. "घाई नाही, पण अंदाजानेही काही करायचं नाही," त्या म्हणाल्या.

मग कॉल्पोस्कोपी. दुर्बिणीतून पाहताना आधी पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, थोडं चुरचुरतं. बदललेली जागा पांढरी पडते. नंतर आयोडीन लावलं की निरोगी भाग गडद तपकिरी होतो आणि खराब जागा पिवळट राहते. पडद्यावर मला सगळं दिसत होतं. त्या जागेचा तांदळाएवढा तुकडा घेतला, तेव्हा पाळीत येते तशी एक कळ आली. नंतर थोडे दिवस डाग लागले.

बायोप्सीत 'सीआयएन-1' आलं, म्हणजे कॅन्सर नाही, पेशींतल्या बदलाची सगळ्यात सौम्य पायरी. औषध नाही, ऑपरेशन नाही, वर्षाने पुन्हा तपासणी. पुढची पायरी, म्हणजे सीआयएन-2 किंवा 3 असती, तरी बहुतेक वेळा तेवढाच भाग तारेच्या लूपने काढतात किंवा उष्णतेने जाळतात. पिशवी जागेवर राहते.

कुणी पिशवी काढायला सांगितलं तर आधी विचारा: बायोप्सी झाली का, त्यात नेमकं काय आलं? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर लॅबमधून स्लाइड (तुकड्याचा काचेवरचा पातळ काप) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या. मिळतात.

वर्षाने केलेली एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली. लेक अकरा वर्षांची आहे, तिला एचपीव्हीविरुद्धची, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक लस सुरू केली. 9 ते 14 वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. पहिला झाला, दुसरा दिवाळीनंतर आहे. जावेच्या धाकटीलाही तेव्हाच सोबत नेणार आहे.