बॉस्टनजवळचं वेसाइड इन: जुनं किती, नवं किती?

बॉस्टनपासून वीसेक मैलांवर सडबरीला लाँगफेलोज वेसाइड इन आहे, एका रात्रीच्या मुक्कामासाठी झकास जागा, पण तिथलं जुनं म्हणजे नेमकं किती जुनं हे मात्र बघत बघत ठरवावं लागतं. १७१६ मध्ये हाऊ कुटुंबाने बॉस्टन पोस्ट रोडवरच्या आपल्या घरातच वाटसरू उतरवायला सुरुवात केली आणि पिढ्यान् पिढ्या तेच केलं. १८६२ मध्ये कवी लाँगफेलो इथे येऊन गेला, पुढच्याच वर्षी त्याचं 'टेल्स ऑफ अ वेसाइड इन' आलं, आणि नंतरच्या मालकाने तेच नाव उचलून पाटीवर टाकलं. मार्केटिंग तेव्हाही होतंच की!

१९२३ मध्ये हेन्री फोर्डने हे विकत घेतलं आणि मग साहेब सुटलेच. आजूबाजूची जमीन घेतली, जुनी शाळा दुसऱ्या गावातून उचलून आणली, १९२९ मध्ये पाणचक्की बांधली, आणि गंमत म्हणजे ज्या माणसाने अख्ख्या देशाला गाडीत बसवलं त्यानेच इथे गाड्यांचा त्रास नको म्हणून हायवे बाजूने वळवून घेतला. १९३८ च्या वादळात पडलेल्या झाडांच्या लाकडातून एक चॅपलही उभं केलं. पुढे १९५५ च्या डिसेंबरमध्ये आग लागून इनचा बराच भाग जळाला, तो परत बांधून १९५८ मध्ये दारं उघडली. म्हणजे आपण ज्या भिंतीवर हात फिरवून "वा, तीनशे वर्षं!" म्हणतो ती कदाचित आपल्या बाबांच्या वयाची असते. मला तरी याचं काही वाटलं नाही, कारण चक्की खरोखर दळते आणि जेवताना येणारे पाव त्याच पिठाचे असतात. शेवटी मक्याचं पीठ, दूध आणि काकवीसारखा मोलॅसिस घालून कितीतरी वेळ मंद भाजलेलं पुडिंग मागवा, दिसायला अगदीच मातकट पण गरम गरम, वर आइस्क्रीम, आमच्या टेबलावर दुसऱ्या वाटीवरून भांडणं झाली.

पण माझ्या मते इथली खरी मजा खोल्यांमध्ये आहे. टीव्ही नाही, चालताना जमीन कुरकुरते, आणि ड्रॉवर उघडला की आत चिठ्ठ्या! राहून गेलेले लोक ड्रॉवरमध्ये, फटीत, तुळईच्या मागे पत्रं खुपसून ठेवतात, पुढच्याने वाचायची आणि परत तिथेच ठेवायची, याला म्हणे सीक्रेट ड्रॉवर सोसायटी. आम्ही पलंगावर पसारा मांडून वाचत बसलो, कुणाचा लग्नाचा वाढदिवस, कुणी बाई एकटीच आलेली आणि चार पानं नवऱ्याबद्दल, आणि एका पोराने मोठ्या अक्षरात फक्त "मला कंटाळा आलाय" लिहून खाली बाण काढून "बाबांमुळे" असं. जेवायला खाली जायचं होतं ते राहिलंच बराच वेळ. आमचीही एक मराठीत लिहून ठेवली, शुद्धलेखनावरून बायकोशी वाद घालून.

जायचं असेल तर राहायच्या खोल्या फक्त दहा आहेत, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये पानगळीचे रंग बघायचे असतील तर बुकिंग खूप आधी करा. खोली नाहीच मिळाली तर नुसतं जेवायला जा आणि चक्कीपर्यंत चालून या, गाडी तिथेच पार्किंगला ठेवून.