निळा धुरळा

"काका, हा निळा धुरळा कसला?"

"कचरा. थांबा, घालवतो." तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) फिश फाइंडरचा, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून मासे दाखवणाऱ्या यंत्राचा, गेन (संवेदनशीलता) कमी केला आणि स्क्रीन एकदम लख्ख. खाली तळाची लाल रेघ, मध्ये दोन-चार ठिपके, बस्स.

वर्सोव्याला त्यांच्या बोटीवरून उतरून घरी आले, तरी तो पुसलेला धुरळा डोक्यातून जाईना.

कारण याच 'कचऱ्या'वर समुद्रशास्त्रात केवढं काम झालंय! १९४२ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ अमेरिकी नौदलासाठी सोनारचे (असंच प्रतिध्वनीवर चालणारं यंत्र) प्रयोग चालू होते, तेव्हा खोल पाण्यात अधांतरीच एक खोटा तळ दिसायला लागला. आणि संध्याकाळ झाली की तो चक्क वर यायचा. तळ कधी वर येतो का? ते जीव होते. छोटे मासे, कोळंबीचे भाऊबंद, असंख्य. दिवसा खाली दडायचे, रात्री वर चरायला.

आपल्या जवळ्याला (ती बारीक कोळंबी) माशासारखी हवेची पिशवी नसते, म्हणून त्याचा प्रतिध्वनी क्षीण. शिवाय ३८ किलोहर्ट्झची ध्वनिलहर पाण्यात जवळपास ४ सेंटीमीटर लांब, बारक्यांवरून ती फारशी परतत नाही. २०० किलोहर्ट्झची साडेसात मिलिमीटर. तिथे ते उमटतात. दोन्हींतल्या फरकावरून मासे कुठले नि बारके कुठले, याचा अंदाज बांधतात.

काकांना म्हटलं होतं, "त्यात जवळाही असेल की!"

"असंल. पण मला पापलेट बघायचंय ना." (यांच्याच घरी जवळ्याची चटणी ओरपली होती, ते सोडा.)

तुमच्या ओळखीत कुणी तांडेल तो धुरळा मुद्दाम ठेवून बघतो का?