हा कालवा कुणाच्या शेतीला जातो?

न्यू जर्सीत प्रिन्स्टन, किंग्स्टन, फ्रँकलिन पार्क या पट्ट्यात बरीच मराठी घरं आहेत. उन्हाळ्यात त्यातल्या कुणाकडे ना कुणाकडे भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आलेले असतात. पहाटे उठून फिरायला जायची त्यांची सवय इथेही सुटत नाही, आणि गाड्यांचा त्रास नसलेली, सावलीची, लांबलचक सपाट वाट म्हणजे डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याचा काठ. एक-दोन सकाळी तिथे जाऊन आलं की पाहुणे विचारतातच : हा कालवा कुणाच्या शेतीला जातो? पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले माझे मामेसासरे तर थेट मुद्द्यावरच आले. चाऱ्या, म्हणजे शेतांकडे जाणारे फाटे, कुठे दिसत नाहीत, मग आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सोडतात तरी कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कुणाच्याच शेतीला नाही. हा कालवा खणला तो बोटींसाठी.

न्यू जर्सीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला डेलावेअर नदी, तिच्या काठी फिलाडेल्फिया. ईशान्येला न्यूयॉर्कचं बंदर. फिलाडेल्फियाहून बोट निघाली की तिला आधी उलटं दक्षिणेला जायचं, राज्याच्या दक्षिण टोकाला, केप मे इथे, वळसा घालायचा आणि मग उघड्या अटलांटिकमधून सगळा किनारा चढून वर यायचं. वादळी समुद्र, आणि बोटी बुडायच्या. पण मधोमध या राज्याची कंबर अगदी बारीक आहे. डेलावेअरवरचं बॉर्डनटाउन आणि रॅरिटन नदीवरचं न्यू ब्रन्सविक यांच्यात ४४ मैल, म्हणजे सुमारे ७० किलोमीटर. तेवढं खणलं की समुद्र टळतो.

अडचण होती ती पाण्याची. दोन्ही टोकं खाली, मधला भाग उंच. ट्रेंटनपाशी कालव्याची पातळी समुद्रापेक्षा सुमारे ५६ फूट वर येते, तिथे पाणी आणायचं कुठून? त्यांनी डेलावेअरच्या वरच्या अंगाला बुल्स आयलंडपाशी नदीचं पाणी वळवलं आणि नदीच्या कडेकडेने २२ मैलांचा दुसरा कालवा खणून ते ट्रेंटनला, बरोबर सगळ्यात उंच जागी, आणून सोडलं. तिथून ते दोन्ही बाजूंना आपोआप उतरतं. कुठे पंप नाही, यंत्र नाही. उतारावर बोटी चढवायला-उतरवायला १४ लॉक. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधली दगडी कोंडी : बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि पातळी जुळली की पुढचा उघडायचा. मामेसासऱ्यांना हे सांगायला मला दोनच वाक्यं लागली, पण ते तिथे बराच वेळ उभे राहिले.

परवानगी १८३० साली मिळाली, त्याच दिवशी कॅम्डन अँड अँबॉय रेल्वेलाही. रेल्वेचे शेअर्स हातोहात गेले, कालव्याचे पडून राहिले. शेवटी नौदलातला अधिकारी रॉबर्ट स्टॉकटन आणि त्याचे सासरे जॉन पॉटर यांनी आपली दौलत यात ओतली. मुख्य इंजिनिअर कॅन्व्हस व्हाइट. त्याने तरुणपणी इंग्लंडमधले कालवे पायी फिरून पाहिले होते, आणि पाण्याखाली घट्ट होणारं सिमेंट न्यूयॉर्क राज्यातल्या दगडापासून बनवून त्याच राज्यातल्या ईरी कालव्याला पुरवलं होतं. १८३४ च्या जूनमध्ये कालवा सुरू झाला आणि त्याच वर्षी व्हाइट वारला.

ही नावं पुस्तकांत मिळतात. खणणाऱ्यांची मिळत नाहीत. ते बहुतेक आयर्लंडहून आलेले गरीब मजूर होते. कुदळ, फावडं आणि मातीची ढकलगाडी एवढ्यावर ७५ फूट रुंद आणि ७ फूट खोल चर त्यांनी मैलोन् मैल काढला. १८३२ च्या उन्हाळ्यात त्यांच्या झोपड्यांत कॉलरा शिरला. ही साथ बंगालमधून, गंगेच्या मुखाकडून निघाली होती. रशिया, युरोप करत ती त्या वर्षी बोटींतून कॅनडाला आणि तिथून न्यूयॉर्कला पोचली. पाण्यातून रोग पसरतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ही माणसं दिवसभर पाण्याचिखलात उभी. मेलेल्यांना काठावरच कुठेतरी पुरलं. बुल्स आयलंडला त्यांच्यासाठी एक स्मारक आहे. तिथे नावांची यादी नाही, कारण नावं कुणी लिहूनच ठेवली नव्हती. आपल्याकडच्या धरणांवर आणि रेल्वेच्या घाटांवर खपलेल्या मजुरांचं हेच झालं, म्हणून असेल, पण या जागी मला परकं वाटत नाही. न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा जरूर बघा, पण अमेरिका कुणी उभारली हे बघायचं तर मी तुम्हाला आधी इथे आणेन.

बोटी सुरुवातीला खेचरं ओढत. आज आपण चालतो ती वाट त्यांचीच. पुढे वाफेच्या टग, म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणाऱ्या बोटी, आल्या, आणि त्यातल्या पहिल्यांमधल्या एकीची कथा मोठी आहे. स्टॉकटनने जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरकडून इंग्लंडमध्ये पाण्याखालच्या पंख्यावर चालणारी लोखंडी बोट बांधून घेतली. १८३९ मध्ये ती शिडं लावून अटलांटिक ओलांडून आली, 'न्यू जर्सी' असं नवं नाव घेऊन या भागातल्या पाण्यात वर्षानुवर्षं बोटी ओढत राहिली. यादवी युद्धात गाजलेली 'मॉनिटर' ही चिलखती युद्धनौका याच एरिक्सनची. टगच्या लाटांनी काठ ढासळू लागले तेव्हा कडेने दगड बसवले आणि वेगावर ताशी ४ मैलांची मर्यादा घातली.

शिडांच्या बोटींच्या डोलकाठ्या उंच, त्यामुळे वाटेतला प्रत्येक पूल बाजूला फिरणारा हवा. म्हणून पुलागणिक एक पूलवाला आणि लॉकगणिक एक लॉकवाला. कंपनी त्यांना कालव्याला लागून घर देई. बोट दिसली की पूल फिरवायचा, गेली की परत लावायचा, कारण दोन्हीकडे लोकांच्या घोडागाड्या खोळंबलेल्या. ग्रिग्सटाउन, ब्लॅकवेल्स मिल्स, पोर्ट मर्सर इथली पूलवाल्यांची घरं अजून उभी आहेत. किंग्स्टनला लॉकवाल्याचं घर आहे. ठेंगणी, पांढरी, साधी घरं. या गावांचा इतिहास मला सगळ्यात जास्त त्यांच्यात दिसतो, प्रिन्स्टनच्या दगडी इमारतींपेक्षाही.

भरभराटीच्या काळात इथून मुख्यतः पेनसिल्व्हेनियाचा कोळसा जाई. न्यूयॉर्कच्या चुली आणि कारखाने त्यावर पेटत. ट्रेंटनला ब्रुकलिन पुलाची रचना करणाऱ्या रोबलिंगचा तारदोरांचा कारखाना याच कालव्यालगत होता. मग १८७१ साली पेनसिल्व्हेनिया रेल्वेने सगळंच भाडेपट्ट्याने घेतलं. रेल्वेला स्वतःच्या गाड्यांतून कोळसा न्यायचा होता, कालव्यात तिला काय रस! १८९२ नंतर नफा कधी झाला नाही. १९३२ चा हंगाम शेवटचा.

उत्तरेकडच्या मॉरिस कालव्याची गत बघा. १०० मैलांहून लांब. डोंगर चढायला २३ ठिकाणी बोट रुळांवरच्या गाड्यात घालून ओढून नेत, आणि नावाडी शंख फुंकून लॉकवाल्याला वर्दी देत. तो १९२४ मध्ये बंद झाला, पाणी काढून टाकलं, आणि न्यूअर्कमध्ये त्याच्या पात्रातून १९३५ पासून शहरी रेल्वे धावते. आमच्या कालव्याचंही तेच व्हायचं. तो वाचला, कारण १९३४ मध्ये राज्याने ताब्यात घेतला तेव्हा कारखान्यांना आणि वाढत्या गावांना पाणी हवं होतं. बोटींसाठी आणलेलं डेलावेअरचं पाणी तसंच वाहतं ठेवलं. आज मध्य न्यू जर्सीतल्या सुमारे १० लाख लोकांचं पाणी इथून जातं. तेव्हा मामेसासऱ्यांच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर असं : आवर्तन बारमाही आहे, आणि ते नळांना सुटतं.

१९७४ साली काठ राज्याचं उद्यान झाला. त्याआधी आणि नंतरही बरंच गेलं. ट्रेंटनमध्ये कालव्याचा काही भाग रस्त्याखाली गाडला, बॉर्डनटाउनपर्यंतचा तुकडा निकामी झाला, आणि न्यू ब्रन्सविकला रूट १८ या महामार्गाने शेवटचा पट्टा खाल्ला. तिथलं अखेरचं लॉक मात्र शिल्लक आहे. मला याचा राग येतो. रस्ता चार हात सरकवता आला असता, कालवा पुन्हा खणता येत नाही. उलट फ्रँकलिन टाउनशिपमध्ये सिक्स माइल रनला जलाशयासाठी घेतलेली जमीन जलाशय झालाच नाही म्हणून मोकळी राहिली, आणि कालव्याच्या पूर्वेला अजून शेतं दिसतात ती त्यामुळे. (या शेतांना पाणी कालव्याचं नाही, पावसाचं.)

यायचं असेल तर ऑक्टोबरात या, पानं रंगलेली असतात. मिलस्टोन नदी शेजारीच आहे, त्यामुळे मोठ्या पावसानंतर वाट वाहून गेली नाही ना हे आधी विचारा; सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाने तिची दैना केली होती. कडेला मैलाचे जुने खांब दिसतील, प्रत्येकावर दोन आकडे : एक बॉर्डनटाउनपासूनचा, एक न्यू ब्रन्सविकपर्यंतचा. बेरीज ४४ येते, नातवंडांना करायला द्या. ग्रिग्सटाउनच्या पुलापाशी गाडी लावता येते. तिथून ब्लॅकवेल्स मिल्सकडे चालत गेलात तर पूलवाल्यांची दोन घरं एका सकाळीत बघून होतात.