बहात्तर टक्क्यांचं हंटर

१९७१ च्या युद्धातली राजस्थान सीमेवरची लोंगेवालाची लढाई टेबलावर खेळायची हे गेल्या दिवाळीत ठरलं. रणगाडे रंगवून तयार होते, जवान तयार होते, चाळलेली वाळू फेविकॉलवर पसरून वाळवंटही झालं होतं. राहिलं होतं फक्त विमान, आपल्या हवाई दलाचं हंटर जेट. म्हटलं, एका रविवारचं काम. त्याला चार महिने लागले, आणि त्यातले तीन तर ‘केवढं विमान घ्यायचं’ यातच गेले.

हा छंद ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बोटाच्या पेराएवढे सैनिक टेबलावर मांडायचे, मोजपट्टीने अंतर मोजून पुढे सरकवायचे आणि गोळी लागली की नाही ते फाशांवर ठरवायचं. घोळ मापांत आहे. सैनिकांचं माप मिलिमीटरमध्ये सांगतात, १५, २०, २८ असं. विमानाच्या किटवर, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या खोक्यावर, मात्र १/४८, १/७२, १/१४४ असे अपूर्णांक असतात. १/७२ म्हणजे इंचाच्या सहाव्या भागाला एक फूट, म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. इथपर्यंत सरळ आहे. पण २८ मिलिमीटर म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत की टाळूपर्यंत, यावर ते बनवणाऱ्यांचंच एकमत नाही. वर डोकी, पंजे, बंदुका मुद्दाम जाड केलेल्या, म्हणजे लांबून दिसाव्यात. कोष्टक पाहून २८ मिलिमीटरला १/५६ म्हणायचं आणि विमान शोधायला जायचं, तर त्या मापाचं विमानाचं किट सहसा मिळतच नाही.

माझं सगळं १५ मिलिमीटरमध्ये आहे, कारण घरातलं जेवणाचं टेबल तेवढंच आहे. या सैनिकांबरोबर गाड्या आणि रणगाडे १/१०० चे चालतात. पाकिस्तानचे टी-५९ रणगाडे मी त्यांच्याच जातीच्या टी-५५ च्या किटमधून केले. बुरुजावर वायुवीजनाची जी छोटी गोल घुमटी टी-५५ ला नसते आणि टी-५९ ला असते, ती टाचणीचं डोकं कापून चिकटवली. तेरा रणगाडे, तेरा टाचण्या.

आता हंटर. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची २३ पंजाब बटालियनची कंपनी रणगाड्यांसमोर उभी होती. रात्री उडून हल्ला करण्याची सोय हंटरमध्ये नव्हती, त्यामुळे जैसलमेरहून विमानं आली ती ५ तारखेला उजाडल्यावर. जोडीजोडीने येत राहिली आणि उघड्या वाळूत रणगाडे टिपत राहिली. जोडीने आली हे माझ्या पथ्यावर पडलं. दोन मॉडेलांत दिवसभराचं काम भागतं, एक जोडी गेली की तीच पुढची जोडी म्हणून परत आणायची.

पहिलं किट मी जोशात घेतलं, रेव्हेल कंपनीचं १/७२, हंटरचाच एफजीए ९ हा प्रकार. आपलं हंटर मार्क ५६ मुळात एफ ६ या प्रकारावरून केलेलं, पण त्याला शेपटीकडे ब्रेक पॅराशूटची पेटी होती. एफजीए ९ लाही ती असते, म्हणून हे जवळचं. किट सुरेख आहे. आठवडाभर संध्याकाळी बसून जोडलं, काचेची नळी खोचून टेबलावर उभं केलं आणि पाहतो तर काय, रणगाड्यांवर जणू प्रवासी विमान आलेलं. हिशेब आधी करायला हवा होता. खरं हंटर १४ मीटर लांब, टी-५९ चा सांगाडा ६ मीटर. म्हणजे विमानाच्या लांबीत सव्वादोन रणगाडे बसायला हवेत. माझं विमान साडेएकोणीस सेंटिमीटर, रणगाडा सहा. सव्वातीन बसत होते.

मग १/१०० चा शोध. हंटर त्या मापात मला काही सापडलं नाही. एका विक्रेत्याकडे जुनं, वापरलेलं मॉडेल होतं, ‘पंधरा मिलिमीटरला चालेल’ असं त्याने लिहिलेलं. मागवलं. पंख मोजले, ११८ मिलिमीटर. खऱ्या हंटरचा पंखविस्तार १० मीटर २६ सेंटिमीटर, म्हणजे भागाकार ८७. हे तर मॉडेलच्या आगगाड्यांचं माप! जुनी किटं खोक्याच्या आकाराप्रमाणे लहानमोठी बनवत, हे वाचलेलं होतं, पण पैसे गेल्यावर लक्षात राहतं. तेव्हापासून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारतो: पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती मिलिमीटर? खरा पंखविस्तार मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि त्याला विक्रेत्याच्या आकड्याने भागायचं. खोक्यावर काहीही छापलेलं असो.

आणखी पैसे घालवण्याआधी १/७२ चा आराखडा घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. एक कॉपी शंभर टक्के, एक बहात्तर टक्के, एक पन्नास टक्के. म्हणजेच १/७२, १/१०० आणि १/१४४.

“काका, बहात्तर टक्के? पंचाहत्तर करू का, राउंड फिगर?”

“नाही रे, बहात्तरच.”

त्याने मशीनच्या बटणावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन रुपये जास्तच ठेवून आलो. तिन्ही कॉप्या पुठ्ठ्यावर डकवून कापल्या, विणायच्या सुयांच्या टोकांना चिकटवल्या आणि सुया अर्ध्या बटाट्यांत खोचून रणगाड्यांमागे ओळीने उभ्या केल्या. कागदावर निकाल लागलेलाच होता, बहात्तर टक्केवालं बरोबर. पण दोन पावलं मागे सरून पाहिलं तर ते नुसतंच लटकलेलं वाटत होतं, का ते कळेना. बायको बटाटे परत न्यायला आली होती. तिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, “मोठं उतरतंय, मधलं टांगलंय. ते बारकं येतंय.”

बस! तीन महिने मी जे मोजत होतो त्यात अंतर धरलंच नव्हतं. माझ्या टेबलावर बंदुकीची गोळी चाळीस सेंटिमीटर जाते. १/१०० ने ते ४० मीटर झाले. खऱ्या लढाईत एवढ्या अंतरावर तर आवाज देऊन बोलता येईल. विमानाची दांडी वीस सेंटिमीटरची, म्हणजे हंटर २० मीटरवरून रॉकेटं सोडणार! जमीन आपण आधीच दाबून लहान केलेली असते, उंची तर त्याहून जास्त. मग आकाशातल्या वस्तूनेच तेवढं माप इमानदारीने का पाळावं? लांब आहे, लहान दिसतंय, डोळा मान्य करतो. पन्नास टक्केवालं पक्कं केलं.

१/१४४ ची दोन हंटर आणली. साडेनऊ-पावणेदहा सेंटिमीटरची, पंखविस्तार सात. पॅराशूटची पेटी तिळाएवढी. वरून गडद हिरवा आणि करडा रंग, पोटाला चंदेरी. किटमधली चिन्हं ब्रिटिश, म्हणून आपल्या हवाई दलाची तिरंगी वर्तुळं हातानेच केली: काडेपेटीची काडी हिरव्या रंगात बुडवून एक ठिपका, वाळल्यावर दातकोरण्याने पांढरा, शेवटी सुईच्या मागच्या टोकाने केशरी. पहिल्या पंखावर मी केशरी बाहेर आणि हिरवा आत केला होता, झेंड्यात केशरी वर असतो म्हणून. फोटो पाहिल्यावर चूक कळली: हिरवा बाहेर, केशरी मध्ये. थिनरने पुसायला गेलो तर खालचा करडाही निघून आला. तो पंख अजून थोडा खडबडीत आहे, त्यामुळे ते विमान जोडीत नेहमी पलीकडच्या बाजूला उडतं.

हा उपाय सगळीकडे लावू नका मात्र. एका मित्राचा २८ मिलिमीटरचा १९४४ चा इंफाळचा खेळ आहे, त्यात झाडीत पडलेलं हरिकेन आहे. माझं ऐकून त्याने लहान, १/७२ चं घेतलं. पडलेल्या विमानाशेजारी शिपाई उभा केला तर शिपाई कॉकपिटमध्ये कमरेपर्यंतसुद्धा जाईना. जमिनीवरच्या विमानाला अंतराची सबब नाही, तिथे माणूस शेजारी उभा असतो. त्याला शेवटी १/४८ घ्यावं लागलं. १/५६ पेक्षा ते मोठंच, पण जाड्या पंजांच्या त्या शिपायांना शोभतं. हरिकेन १/४८ मध्ये पंचवीस सेंटिमीटर रुंद होतं. त्याने एक पंख मोडून जागेचाही प्रश्न सोडवला.

लढाई परवा झाली. पुतण्या रणगाड्यांकडे होता. सहाव्या पाळीला उजाडलं, मी जोडी आणून ठेवली. तो हनुवटी टेबलाला टेकवून रणगाड्याच्या मागून वर बघत बसला आणि म्हणाला, “काका, यांना पळायला जागाच नाहीये ना?” तरी त्याने एक रणगाडा टेकडीआड घातलाच. तेवढा एक वाचला.

पहिलं, मोठं हंटर कपाटावर आहे. इतकं चांगलं जमलेलं विमान धूळ खातंय हे बघवत नाही. जैसलमेरच्या धावपट्टीचा एक प्रसंग मनात आहे, विमानात रॉकेटं भरणारी माणसं, ट्रक वगैरे. पण ते जमिनीवरचं विमान, म्हणजे माणसंही त्याच मापाची, १/७२ ची हवीत. चौकशी सुरू केली आहे. घरी अजून सांगितलेलं नाही.