मैनापीच्या वाटेवरचं श्रमदान: ‘हलकं काम’ म्हणाले तर विश्वास ठेवू नका

गोव्यात नेत्रावळी अभयारण्यात मैनापी धबधब्याची वाट दुरुस्त करायला गेलो होतो, काल रात्री आलो, खांदे अजून वर होत नाहीत, तरी आत्ताच लिहितोय कारण पुढची बॅच दोन आठवड्यांनी आहे. आम्हाला सांगितलेलं, प्लास्टिक उचलायचं, थोडी झुडपं तोडायची, दुपारी मोकळे. माणशी सहाशे घेतले, अवजारं-जेवण त्यातच म्हणून. पंधरा जणांत दोन कुदळी, एक पहार, एक घमेलं निघालं आणि जेवण म्हणजे एकदा पावभाजी. राबायला येणाऱ्याकडून पैसे घेणं मला पटलेलं नाही. जीपचा आणि परवानगीचा हिशेब पैसे देण्याआधीच मागा, नंतर कोणी देत नाही.

शनिवारी बुडबुड्यांची तळी (तळातून बुडबुडे येणारं नेत्रावळीचं तळं) वगैरे बघून झालं, मस्त.

पण पाण्याकडे उतरतानाचा तो शेवटचा उतार! वाट तिथे वळसा घेते आणि गर्दीच्या दिवशी सगळे वळसा टाळून सरळ खाली घसरतात, मग पावसाचं पाणीही तिथूनच धावतं. मधोमध घळ पडलीय, मी आत उभा राहिलो तर गुडघ्यापर्यंत, आणि कडेच्या झाडाची मुळं उघडी पडून सुंभासारखी लोंबतायत. आम्ही तासभर त्यात माती भरली. गावातले एक काका बघत होते, म्हणाले, पहिल्या पावसात जाईल ही, आधी पाणी वाटेबाहेर काढा. मग लांबट दगड शोधून वाटेला तिरके बसवले, अर्ध्याहून जास्त जमिनीत गाडून, खालच्या टोकाला पाणी दरीकडे जाईल असा चर काढून. पायाने दाबल्यावर दगड हलला तर परत काढायचा. दिवसभरात पाच झाले. सरळ उतरायची जागा काटेरी फांद्या टाकून बंद केली.

जाणार असाल तर पावसाळा संपल्या संपल्या जा, माती ओली असते, मे महिन्यात जांभ्यात पहार शिरत नाही. हातमोजे जाड चामड्याचे, कापडी दोन तासांत फाटतात. म्हादई अभयारण्याच्या बाजूला, सत्तरी तालुक्यात काम असेल तर डिसेंबरपासून पुढे गोचिडींना जपा, तिथे माकडतापाचे (गोचीड चावून होणारा ताप) रुग्ण निघालेत, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पाचोळ्यावर बसू नका. आणि वनखात्याची परवानगी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जुलै 2023 मध्ये मैनापीला दोघे बुडाले तेव्हा अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली होती, श्रमदान म्हणून कोणी सूट देत नाही.

मी पुढच्या बॅचला जातोय, घरची पहार घेऊन. सहावा दगड खड्ड्याशी आणून तसाच ठेवलाय.